उसनी प्रतीकं आणि घाई: कन्सेप्ट फोटोग्राफीतल्या या चुका टाळा

कन्सेप्ट फोटोग्राफी म्हणजे एखादी कल्पना किंवा भावना ठरवून फोटोत मांडणं. पण एकटेपणा म्हटलं की पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर वाळूत रिकामी खुर्ची. स्वातंत्र्य म्हटलं की फुगा. विरह म्हटलं की जुनी सूटकेस घेऊन पाठमोरी उभी असलेली मुलगी. शिकायला येणारी मुलं हेच फोटो दाखवतात आणि विचारतात, ‘सर, यात भावना का पोचत नाही?’ कारण ती भावना तुमची नाही. वस्तू उसनी आणलीत, तिच्या मागोमाग गोष्ट आपोआप येईल असं धरून चाललात. ती येत नाही.

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांची जोती, विहिरी, तुळशीवृंदावनं उघडी पडतात. मे महिन्यात जुने गावकरी तिथे जमतात, सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो. अशाच एका मे महिन्यात माझा एक विद्यार्थी मला तिथे घेऊन गेला. बरोबर मैत्रीण, तिच्यासाठी पांढरा झगा, भाड्याने आणलेली सूटकेस. विषय ‘विरह’. भेगाळलेल्या मातीवर तिला उभं केलं. वेळ दुपारी बाराची. त्या दिवसांत गोव्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, सावली पायाखाली गोळा होते.

मागच्या जोत्यावर एक आजी आली. चपला बाहेर, जिथे कधीकाळी उंबरठा असेल तिथे काढल्या. आत जाऊन एका कोपऱ्यात उकिडवी बसली आणि नातीला म्हणाली, ‘हांगा आमची चूल आशिल्ली.’ मग उजवा हात जमिनीलगत गोल फिरवला, रगड्यावर वाटण वाटताना फिरवतात तसा. रगडा तिथे नव्हता. हात मात्र त्याच मापाच्या वर्तुळात फिरत होता.

आणि माझा विद्यार्थी म्हणाला, ‘आजी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.’

मी त्याला काही बोललो नाही. ती माझी चूक. तिथेच कॅमेरा खाली ठेवायला लावून त्याला आजीजवळ बसवायला हवं होतं. परवानगी घेऊन फोटो काढण्यासाठी नव्हे, नुसतं ऐकण्यासाठी.

परतताना गाडीत विचारलं, ‘तुझ्या घरी कोण कोणाची वाट पाहतं?’ बराच वेळ गप्प बसला. मग सांगितलं, वडील जहाजावर असतात, वर्षातले आठ-नऊ महिने. त्यांची स्कूटर पोर्चमध्ये स्टँडवर उभी. बॅटरी उतरू नये म्हणून आई दर रविवारी ती दहा मिनिटं चालू ठेवते. आईला स्कूटर चालवता येत नाही. ती सीटवर नुसती बसून राहते.

याला भाड्याची सूटकेस लागली होती!

तो फोटो काढायला त्याला पाच रविवार लागले. पहिल्या दोन वेळी आई कॅमेऱ्याकडे बघून हसली. तिसऱ्या वेळी पोर्चचा पांढरा दिवा हेडलाइटचा पिवळा उजेड खाऊन टाकत होता, तो विझवला. चौथ्या रविवारी पाऊस. पाचव्या वेळी तिन्हीसांजेला, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर अर्धा सेकंद उघडं: आई स्थिर, सायलेन्सरचा धूर पसरलेला, उजेड समोरच्या भिंतीवर आदळून थांबलेला. पाच रविवार म्हणजे फार, असं ज्यांना वाटतं त्यांनी कॅनडाचा फोटोग्राफर जेफ वॉल याचं उदाहरण पाहावं. वाऱ्याने उडणाऱ्या कागदांचं त्याचं १९९३चं एक चित्र शंभराहून जास्त फोटो जोडून, वर्षभर खपून झालं आहे.

म्हणून जोडकामाला माझा विरोध नाही, आळसाला आहे. आभाळ एकीकडचं आणि माणूस दुसरीकडचा असेल तर आधी नाकाची सावली कुठे पडते ते पाहा. प्रकाशाची दिशा जुळत नसेल तर कितीही रंग चढवा, बघणाऱ्याला काहीतरी खोटं आहे हे कळतंच. ते एडिटिंगमध्ये सुधारत बसू नका, पुन्हा काढा.

स्वतःचाच फोटो धूसर येतो? आपण उभे राहणार तिथे केरसुणी टेकवा, तिच्यावर फोकस धरा, मग फोकस मॅन्युअल करा, म्हणजे कॅमेरा तो आपणहून बदलणार नाही.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. बॅगेतच अर्धा तास राहू द्या. ते धुकं ‘काव्यात्म’ म्हणून खपवू नका.

राहिली कॅप्शन. ही माझी दुसरी दुखरी जागा. फोटोखाली ‘विरहाची वेदना’ लिहिलंत की बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. शब्द नकोत असं मी म्हणत नाही. १८४० साली फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या इपोलित बायार या फ्रेंच माणसाने स्वतःला बुडून मेलेला दाखवणारा फोटो काढला आणि मागे मजकूर लिहिला, की सरकारने दागेरला (फोटोग्राफीचा दुसरा फ्रेंच आद्य संशोधक) भरभरून दिलं, बायारला मात्र काहीच नाही, म्हणून त्या अभाग्याने जीव दिला. त्या मजकुरात दुःखाची व्याख्या नाही. चित्रात न दिसणारी हकीकत आहे.

माझी सवय अशी: नाव न सांगता फोटो तिघांना दाखवायचा, तिघेही फोटोग्राफर नसलेले. आपण मध्ये बोलायचं नाही. ते म्हणतील ते वहीत उतरवायचं. स्कूटरचा फोटो पाहून शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘ही निघाली आहे, पण जात कुठेच नाही.’ पोराने मागे पेन्सिलीने लिहिलेलं ‘विरह’ खोडलं आणि लिहिलं, ‘रविवार, दहा मिनिटं’.