बागेतला लाकडी गझीबो किंवा पर्गोला नव्या घरी न्यायचाय? मग असं करा

घर बदलताना फ्रिज, कपाट, बेड सगळ्याचं प्लॅनिंग होतं आणि बागेतला गझीबो (खांबांवर छत असलेला मांडव; पर्गोलाला वर नुसते वासे) मात्र शेवटच्या दिवसावर ढकलला जातो, मग घाईघाईत पहार घालून उचकटतात आणि तिथंच निम्मं लाकूड फुटतं. खरं तर गाडीत फारसं काही बिघडत नाही, नुकसान होतं ते सोडवताना नाहीतर नव्या जागी कसंबसं उभं करताना. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की नव्या जागेचा बेस तयार झाल्याशिवाय जुन्या जागी एकही बोल्ट सैल करू नका. ताबा अजून मिळालेला नसेल तर निदान सुटे भाग कुठं ठेवायचे ते आधी ठरवा. आणि हो, घर विकताय किंवा भाड्याचं आहे तर गझीबो न्यायची परवानगी आहे का हे लेखी बघून घ्या.

मग तब्येत तपासा. खांबाचा जमिनीलगतचा वीतभर भाग सगळ्यात आधी कुजतो कारण तिथं ओल आणि हवा दोन्ही मिळतं. तिथं स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर देऊन टोचून बघा, लाकूड चांगलं असेल तर टोक वरच अडतं, कुजलं असेल तर सहज आत जातं आणि बाहेर काढलं की ओलसर भुसा लागलेला दिसतो. वाळवीची मातीची नळी दिसते का तेही बघा. एखादा खांब गेला असेल तर तो नवीन घालता येतो, पण खांब आणि वरच्या तुळया दोन्ही गेल्या असतील तर मी तरी हलवायच्या भानगडीत पडणार नाही, वाहतुकीचा खर्च वाया जातो.

सोडवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक सांध्याचा जवळून वेगळा. लांबी, रुंदी, उंची आणि दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. मग प्रत्येक तुकड्यावर मास्किंग टेप लावून नंबर टाका, खांबांना अ, ब, क, ड द्या आणि वाशाचं कुठलं टोक कुठल्या खांबाकडे होतं तेही लिहा, सगळे वासे सारखेच दिसतात पण भोकं सारखी नसतात, उलटं लावलं की बोल्ट जात नाही. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर पाना घसरून डोकं गोल होतं आणि मग कापण्याशिवाय पर्याय नसतो. एकेका सांध्याचे नट, बोल्ट, वॉशर वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर.

आता उतरवायचा क्रम. उभं केलं त्याच्या बरोबर उलटा. दिव्याची वायर असेल तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्या. छताच्या आत गांधीलमाशांचं पोळं नाही ना ते बघा. मग पत्रे किंवा छत, मग वासे, मग तुळया, खांब सगळ्यात शेवटी. वारा असेल त्या दिवशी छताला हातच लावू नका, सुटा पत्रा वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि शिडीवरच्या माणसाला घेऊन जातो. छत निघालं की सांगाडा डुगडुगायला लागतो, त्यामुळे वासे काढायच्या आधीच प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी तिरप्या फळ्यांचा टेकू द्या, हे लोक हमखास टाळतात आणि अपघात इथंच होतात. तुळई उतरवताना दोन्ही टोकांना माणूस हवा, एकट्यानं अजिबात करू नका. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासातून आत गेलं तर घातक ठरणारे बारीक तंतू) असू शकतं, ते कापू नका, तोडू नका, जाणकाराला बोलवा.

खांब बेस प्लेटवर (खांबाच्या तळाशी बोल्टनं बसवलेल्या लोखंडी पाटावर) असतील तर बोल्ट काढले की झालं. पण काँक्रीटमध्ये गाडलेले असतील तर उपटायचा प्रयत्न करू नका, 1 बाय 1 फूट आणि 2 फूट खोल एवढ्याशा काँक्रीटचं वजनच 130 किलोच्या वर जातं. त्यापेक्षा जमिनीच्या जरा वर, चांगल्या लाकडात कापा आणि नव्या जागी काँक्रीटवर लोखंडी बेस प्लेट बसवून त्यावर उभे करा, उंची थोडी कमी होते पण कुजकं टोकही जातं आणि लाकूड मातीपासून वर राहतं.

गाडीत लांब तुकडे खाली आडवे, जाळीचे पॅनल कडेवर उभे, मध्ये जुन्या चादरी, आणि पट्ट्याने घट्ट बांधा. बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड. काही दिवस ठेवायचं असेल तर जमिनीपासून वर, सपाट, थरांमध्ये पट्ट्या घालून ठेवा, प्लास्टिकमध्ये पूर्ण गुंडाळलं तर आत ओल धरते आणि वासे वाकतात.

नव्या जागी खणायच्या आधी पाण्याचा पाइप, केबल कुठून जाते ते शोधा. कोपरा काटकोनात आहे का बघायला एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फुटांवर खूण करा, दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट आलं पाहिजे. 3 बाय 3 मीटरच्या गझीबोचे दोन्ही कर्ण 4.24 मीटर यायला हवेत. पाण्याच्या नळीनं लेव्हल घ्या, खांबाला ओळंबा लावा. सगळे बोल्ट आधी हातानेच बसवा, कर्ण पुन्हा मोजा, आणि मगच पान्यानं आवळा, पहिला सांधा फुल टाइट केला की शेवटचा हमखास जुळत नाही. कापलेल्या टोकांना लाकडाचं प्रिझर्व्हेटिव्ह (लाकूड कुजू नये म्हणून लावायचं द्रावण) दोन हात लावायचं ते खांब उभे करायच्या आधी, नंतर खालच्या टोकाला ब्रश पोचत नाही. महिन्याभरानं सगळे नट परत एकदा आवळून घ्या, लाकूड सुकतं आणि ते सैल होतात.