नवा फोन मागवताना या चुका टाळा

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एखादा नवा फोन बाजारात आला की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे बिघडलेल्या फोनांपेक्षा अडकलेल्या ऑर्डरीच जास्त येतात. कुणाचे पैसे कापले गेले पण ऑर्डर पडली नाही. कुणाच्या ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं आणि घरी काहीच आलेलं नाही. माणसं दर वेळी नवी असतात, चुका मात्र त्याच. म्हणून लिहून काढतोय.

‘पेंडिंग’ दिसलं की लगेच दुसऱ्यांदा पैसे भरणं

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी चूक ही, आणि ती माझ्या सख्ख्या भाच्याने केली. २०२३ ची गोष्ट. आयफोन १५ चं बुकिंग १५ सप्टेंबरला संध्याकाळी साडेपाचला सुरू झालं. फोन २२ तारखेपासून मिळणार होते आणि मध्येच १९ ला चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी. भाचा पणजीला नोकरीला, पण चवथीसाठी रजा टाकून घरी आलेला. साडेपाचच्या ठोक्याला त्याने एका ॲपवरून ७९,९०० रुपये यूपीआयने भरले. चक्र फिरत राहिलं आणि मग ‘पेमेंट पेंडिंग’ आलं.

दोन मिनिटंसुद्धा तो थांबला नाही. लगेच पुन्हा भरायला गेला, तर मर्यादा ओलांडली म्हणून बँकेने नकार दिला. यूपीआयने दुकानदाराला भरायची दिवसाची मर्यादा साधारणपणे एक लाखाची. पहिले ७९,९०० त्यात धरले गेले, म्हणूनच दुसरे बसले नाहीत. म्हणजे पहिले पैसे खात्यातून निघालेत हे तो नकारच सांगत होता. पण वाचायला वेळ कुणाला? त्याने आईचा फोन उचलला आणि तिच्या खात्यातून आणखी ७९,९०० भरले. ऑर्डर पडली. अर्ध्या तासाने त्याच्या स्वतःच्या बँकेचा मेसेज आला की पहिले पैसेही गेले.

ताईच्या खात्यात होते ते पैसे चवथीच्या बाजाराचे. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीचं) सामान, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) साहित्य, भटजींची दक्षिणा, सगळं त्यातूनच व्हायचं होतं. ॲपवाले म्हणाले, आमच्याकडे पहिले पैसे आलेच नाहीत. बँक म्हणाली, आमच्याकडून गेले. रात्री नऊला तो माझ्यासमोर येऊन बसला. “मामा, आता काय करू?” माटोळीचं सामान मी आणून दिलं आणि तक्रारही मीच लिहायला बसलो.

इथे नियम आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे, यूपीआयने दुकानदाराला पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली आणि समोरच्याला पोच मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही मागावी न लागता. ऑनलाइन कार्डाने भरलेल्या पैशांनाही हेच लागू. भाच्याचे पैसे परत आले, पण चवथ होऊन गेल्यावर.

माझी सवय सांगतो. ‘पेंडिंग’ दिसलं की मी फोन पालथा ठेवतो आणि अर्धा तास दुसरं काम करतो. मग बँकेच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक बघतो. खरेदीच्या ॲपवर काय दिसतं त्यावर विसंबत नाही, खातं काय म्हणतं ते बघतो. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक वहीत उतरवून घेतो, कारण तो क्रमांक असल्याशिवाय बँकेशी बोलणंच पुढे सरकत नाही. तेवढ्यात स्टॉक संपला तर संपू दे. पहिल्या दिवशीच हातात हवा हा हट्ट मला पटत नाही. तोच फोन महिन्याभरात सगळीकडे मिळतो.

मर्यादा आदल्या दिवशी न बघणं

आयफोन १५ प्रो १,३४,९०० रुपयांना आला होता. एवढी रक्कम यूपीआयने एका फटक्यात जाणारच नव्हती, तरी लोक एकामागून एक प्रयत्न करत राहिले. काही बँकांची स्वतःची मर्यादा लाखाहूनही कमी असते. यूपीआय नव्याने सुरू केलं असेल तर पहिले २४ तास ५,००० रुपयांच्या आसपासच जातात, आणि हँडसेट बदलल्यावरही बऱ्याच बँका असंच थांबवतात. कार्डाचंही तसंच. २०२० पासून नवीन कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंदच असतात, ते आपण चालू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम. ते सेल सुरू झाल्यावर करायला घेतलं तर ओटीपीची वाट बघतच स्टॉक जातो.

बिनव्याजी हप्ता घेताना एवढं ध्यानात ठेवा: व्याजाइतकी सूट देतात, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्याच माथी येते.

पत्ता घाईत भरणं

गोव्यातल्या पत्त्यांची अडचण बाहेरच्या गोदामात बसलेल्या माणसाला कळणार नाही. आपण डिचोली म्हणतो, पिनकोडच्या यादीत ते बिचोलिम. साखळी तिथे सँकेलिम, पेडणे पेर्नेम. घर नंबर पंचायतीचा. २१४ च्या शेजारी २१५ असेलच असं नाही.

म्हापशाच्या खोर्लीतल्या एका मुलीचा फोन असाच हरवला होता. ती नोकरीला होती जुन्या गोव्याजवळच्या खोर्लीच्या औद्योगिक वसाहतीत. मराठीत दोन्ही खोर्लीच, इंग्रजी स्पेलिंगात तेवढा ‘के’ आणि ‘सी’चा फरक. तिने कामावरून ऑर्डर टाकली, ‘सध्याचं ठिकाण वापरा’ हे बटण दाबलं आणि खाली घर नंबर घातला घरचा. पिनकोड तिसवाडी तालुक्याचा, घर बार्देश तालुक्यातलं. पाकीट पिनकोडवर छाटलं जातं, त्यामुळे तीन दिवस डिलिव्हरीचा पोरगा भलत्याच खोर्लीत तो घर नंबर शोधत राहिला आणि शेवटी फोन परत पाठवून दिला. ऑर्डर रद्द झाली, बँकेची सूट गेली, आणि दुसऱ्यांदा मागवेपर्यंत हवा तो रंग संपला. रडकुंडीला आली होती बिचारी. चूक तिची, पण आठ दिवसांत कुणी तिला एक फोन करून विचारलं नाही याचा मला अजून राग येतो.

पिनकोड हाताने घाला. वाड्याचं नाव घाला. खूण अशी द्या की बाहेरच्यालाही दिसेल: देऊळ, खुरीस (क्रूस), पंचायत, रेशनची सोसायटी. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत रेंज नसते, तिथे डिलिव्हरीचा ओटीपी वेळेवर येतच नाही. तिथल्या गिऱ्हाइकांना मी वाळपईच्या नातेवाइकाचा नाही तर कामाच्या ठिकाणचा पत्ता द्यायला सांगतो. आणि चवथीच्या आठवड्यात शहरातल्या फ्लॅटचा पत्ता देऊ नका. तुम्ही मूळ घरी आरती करत असता, आणि फोन कुलूपबंद दारावरून परत जातो.

खोकं न बघता ओटीपी सांगणं

डिलिव्हरीवाला गेटवरूनच “ओटीपी सांगा” म्हणतो आणि आपण सांगून मोकळे होतो. ओटीपी सांगणं म्हणजे माल मिळाल्याची सही. ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर त्याच्यासमोर खोकं उघडून, फोन चालू करून मगच ओटीपी द्या. उघडायची सोय नसेल तर निदान चारही बाजूंची टेप बघा. दुहेरी टेप, फाटलेलं लेबल, नको तेवढं हलकं खोकं दिसलं तर घेऊ नका. तो घाईत असतो, त्याला दिवसभरात ढीगभर पाकिटं वाटायची असतात, त्याच्यावर चिडू नका. पण तुमच्या ७९,९०० साठी त्याने पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

माझ्या एका गिऱ्हाइकाच्या खोक्यात कपडे धुण्याचा साबण निघाला. त्याच्याकडे व्हिडिओ होता: लेबल दिसतंय, टेप कापली जातेय, मध्ये कुठे तोडलेलं नाही. त्याला पैसे मिळाले. ज्यांच्याकडे व्हिडिओ नाही ते माझ्याकडे महिना-महिना चकरा मारतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोनवर भांडण्यात दिवस घालवू नका, लेखी द्या.

फोन चालू झाला की *#०६# दाबा. पडद्यावरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, जुळला पाहिजे. बाहेरच्या ओळखीतून घेतला असेल तर इंग्रजीत ‘केवायएम’ ही तीन अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ ला पाठवून फोन खरा आहे ना ते तपासा.

जुना फोन एक्सचेंजला देणार असाल तर नव्यावर व्हॉट्सॲप आणि बँक नीट चालू झाल्याशिवाय तो देऊन टाकू नका.

आलेल्या प्रत्येक फोनवर विश्वास ठेवणं

नव्या फोनची वाट बघणारा माणूस ‘तुमचं पार्सल अडकलंय’ ऐकलं की काहीही करायला तयार होतो. पाच रुपये भरून पत्ता दुरुस्त करायची लिंक आली तर उघडू नका. कुरियरवाला म्हणून कुणी *२१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगत असेल तर तुमचे कॉल दुसरीकडे वळवायचा तो डाव आहे, म्हणजे बँकेचा ओटीपी सांगणारा कॉलही त्याच्याकडे. चुकून केलाच असेल तर ##००२# डायल करा, वळवलेलं सगळं रद्द होतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. परवा एक गृहस्थ शुक्रवारी फसले आणि बँक उघडेल म्हणून सोमवारपर्यंत थांबले. तोवर पैसे तीन खात्यांतून पुढे गेले होते.