आयुष्याला मुळातच अर्थ असतो का? हा प्रश्न घेऊन बसायचं कसं

आधी वही घ्या. "अर्थ" हा शब्द मराठीत भलताच लबाड आहे, शब्दाचा अर्थ वेगळा, अर्थसंकल्पातला अर्थ म्हणजे पैसा, आणि पुरुषार्थांच्या यादीत तो धर्म, काम, मोक्षाच्या पंगतीत बसलाय. त्यामुळे "जगण्याला काय अर्थ आहे" असं म्हणताना आपण हेतू विचारतोय की मोल, ते दोन वेगळ्या पानांवर लिहा. खरंच लिहा, डोक्यात ठेवलं की दोन्हीची खिचडी होते.

हेतूचं पान लवकर संपतं. १९४५ मध्ये पॅरिसच्या भाषणात फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने कागद कापायच्या सुरीचं उदाहरण दिलं होतं, सुरी कशासाठी हे बनवणाऱ्याच्या डोक्यात आधी असतं, मग सुरी येते, माणसाचं मात्र उलट, आधी तो येतो आणि मग स्वतःला घडवतो. देव नाहीच असं धरून तो बोलत होता. पण मला वाटतं देव धरला तरी गाडी तिथेच अडते. ब्रॉयलर कोंबडी बघा ना, तिच्या जगण्याला हेतू एकदम पक्का, पिल्लू शेडमध्ये आलं तेव्हाच ठरलेला, आणि साधारण सहा आठवड्यांत पूर्णही होतो. तिला त्याचं काय? म्हणजे बाहेरून कुणी हेतू दिला म्हणून जगणाऱ्याला अर्थ मिळाला असं होत नाही.

मध्येच "शेवटी सगळे मरणारच, लाख वर्षांनी कोण विचारतंय" हा विचार येणार. त्यावर अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगलने १९७१ मध्ये छान पेच टाकलाय: आजचं काही लाख वर्षांनी महत्त्वाचं नसेल, तर लाख वर्षांनंतरचं ते नसणंही आज महत्त्वाचं का असावं? (हा विचार आठवडेच्या आठवडे पाठ सोडत नसेल, झोप-जेवण उडालं असेल तर वही बंद करा आणि कुणाशी तरी बोला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे.)

आता मोलाचं पान, इथे वेळ घालवा. गेल्या आठवड्यात केलेल्या दहा गोष्टी लिहा आणि ज्यातून पुढे काहीच मिळणार नव्हतं तरी करण्यासारखी होती तिच्यावर खूण करा. वारीत कित्येक जण आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी जातात आणि गर्दीमुळे कळसाला हात जोडून परत फिरतात, चालणं फुकट गेलं असं त्यातलं कुणी म्हणत नाही.

पण फसू नका, आवडतं म्हणून मोलाचं, असं लगेच लिहायचं नाही. रिचर्ड टेलर या तत्त्वज्ञाने कल्पना केली होती की पुन्हा पुन्हा खाली येणारा दगड अनंत काळ डोंगरावर ढकलायची शिक्षा झालेल्या, ग्रीक पुराणातल्या सिसिफसच्या अंगात देवांनी दगड ढकलायची हौसच भरली तर? तो खूश होईल, दगड मात्र खालीच येणार. म्हणून उलटं करून बघा, जे आवडत नाही तरी खूण झाली असं काही आहे का?

माझ्या यादीत होतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसातून चार-चारदा डोळ्यात ड्रॉप्स घालायचे होते, ते डोळे गच्च मिटायचे, मी वैतागायचो, एक दिवसही मजा आली नाही. तरी खूण केली, खोडायला गेलो तर खोडवेना. म्हणजे ते मोल माझ्या आवडीतून आलेलं नव्हतं, कुणी वरून नेमूनही दिलं नव्हतं, मग मुळातच असणं म्हणजे अजून वेगळं काय असतं?