तुर्की चहा घरी करताना या चुका टाळा: उकळू नका, दम द्या

इस्तंबूलहून आणलेला, तुर्कस्तानातल्या रिझे भागातल्या चहाचा पुडा मी घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी फोडला आणि हात सवयीने पातेल्याकडे गेला. पाणी, तीन चमचे पत्ती, साखर आणि खळखळून उकळी. पाच मिनिटांनी गाळला तेव्हा रंग गढूळ तपकिरी, वास पार उडालेला आणि चव इतकी तुरट की जीभ टाळूला चिकटावी. इस्तंबूलच्या बोस्फोरस सामुद्रधुनीतल्या फेरीबोटीवर हातात घेतलेला तो लालबुंद, आरपार दिसणारा चहा कुठे आणि हा कुठे! पुड्यात काही खोट नव्हती, खोट पद्धतीत होती.

त्यानंतर पुष्कळ पुडे संपवले. या चहाच्या बहुतेक चुका एकाच सवयीतून होतात, हे आता पक्कं कळलंय: आपण चहा उकळतो, आणि तुर्की माणूस चहाला दम देतो. शब्दसुद्धा तोच आहे. मुरलेल्या गडद चहाला तुर्कीत ‘देम’ म्हणतात आणि चहा करण्याला ‘देमलेमेक’. हा देम म्हणजे फारसीतला ‘दम’, श्वास. बिर्याणीला आपण जो दम देतो, तोच.

पत्तीपासूनच चूक

आपल्या घरात बहुधा सीटीसी पूड असते, बारीक गोळीदार. दुधात दोन-तीन उकळ्यांत कडक रंग यावा म्हणूनच ती तशी बनवलेली असते. तिला पंधरा मिनिटं मुरत ठेवलं तर पेय काळं आणि कडूजहर होणार, त्यात नवल नाही. तुर्की पद्धतीला पानाचा चहा लागतो, जो हळूहळू उतरतो.

रिझेचा चहा मिळाला तर उत्तमच. काळ्या समुद्राच्या काठचा हा डोंगराळ, पावसाळी जिल्हा. तुर्कस्तान म्हटलं की आज चहा आठवतो, पण ही शेती फार जुनी नाही. उस्मानी साम्राज्य मोडलं, येमेनसारखे कॉफीचे प्रदेश हातचे गेले आणि कॉफी महाग झाली. 1924 मध्ये रिझे भागात चहा लावण्यासाठी कायदा झाला. झिहनी देरिन या कृषितज्ज्ञाने त्यासाठी जिवाचं रान केलं, शेजारच्या जॉर्जियातल्या बातुमीहून बी आणलं, आणि 1947 मध्ये रिझेत पहिला चहा कारखाना सुरू झाला. आज माणशी चहा पिण्यात हा देश जगात अगदी वर आहे.

रिझेचा चहा न मिळाल्यास मोठ्या पानाचा सिलोन चहा घ्या. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात तर लोकांना तोच प्रिय आहे. पूर्वी तो चोरून यायचा म्हणून त्याला अजून ‘काचाक चाय’, म्हणजे चोरटा चहा, म्हणतात. आसामचा पानाचा चहाही चालेल. दार्जिलिंग मात्र यासाठी वाया घालवू नका, त्याचा नाजूक सुगंध इतका वेळ तग धरत नाही. आणि घरात फक्त सीटीसीच असेल, तर पूड निम्मी घ्या आणि पाच मिनिटांतच गाळा. रिझेची चव येणार नाही, पण चहा पिण्याजोगा होईल.

दोन मजली किटली, आणि ती नसेल तर

तुर्की घरात ‘चायदानलिक’ असते, एकावर एक बसणाऱ्या दोन किटल्या. खालच्या मोठीत नुसतं पाणी, वरच्या छोटीत, म्हणजे ‘देमलिक’मध्ये, पत्ती. आपल्याकडे ती नसली तरी अडत नाही. ज्याच्या तोंडावर छोटी किटली नीट टेकेल असं पातेलं घ्या. मी स्टीलच्या पातेल्यावर चिनीमातीची किटली ठेवते आणि सांडशी हाताशी ठेवते. किटली डगमगत असेल तर हा प्रयोग करू नका, उकळतं पाणी अंगावर येण्याची भीती असते.

चार माणसांना दोन-दोन छोटे ग्लास हवे असतील, तर खाली दीड लिटर पाणी आणि वर चार शीग चमचे पत्ती, म्हणजे साधारण 10 ते 12 ग्रॅम. पत्ती थंड पाण्याने एकदा पटकन धुऊन निथळली तर चुरा आणि धूळ निघून जाते. ती ओलसर पत्ती वरच्या किटलीत घालून किटली खालच्यावर ठेवा आणि आता खाली गॅस लावा. पाणी तापेपर्यंत वाफेने पत्ती कोमट होते, फुलू लागते. बऱ्याच जणांची पहिली गफलत इथेच होते: घाईने थंड, कोरड्या पत्तीवर थेट पाणी ओततात.

खालचं पाणी उकळलं की त्यातलं अर्धा लिटर वरच्या पत्तीवर ओता. खालची किटली पुन्हा भरून घ्या, वरची तिच्यावर परत ठेवा आणि गॅस अगदी बारीक करा. आता पंधरा ते वीस मिनिटं हात लावू नका. वरची किटली थेट आचेवर कधीच ठेवायची नाही. तिच्यात एकही बुडबुडा उठता कामा नये. ती फक्त खालच्या वाफेवर जगते, आपण भात वाफेवर ठेवतो तशी.

घड्याळ नको असेल तर झाकण उघडून पाहा. सुरुवातीला पानं वर तरंगत असतात. ती फुगून एकेक करत तळाशी बसतात, वर स्वच्छ गडद लाल पाणी राहतं. पानं बसली की दम झाला. दहाव्या मिनिटाला डोकावलं तर अर्धी पानं अजून वरच असतात, त्या वेळचा चहा रंगाने बरा दिसतो पण चवीला कच्चा लागतो.

वरची किटली थेट ग्लासात

वरच्या किटलीतलं पेय हे अर्क आहे. ते तसंच ग्लासभर ओतलं की पाहुणा एका घोटात तोंड वाकडं करतो. ग्लासात एक तृतीयांश अर्क, मग वरून खालच्या किटलीतलं उकळतं पाणी. ज्याला कडक हवा त्याला ‘देमली’, ज्याला फिका त्याला ‘आचिक’. एकाच किटलीतून प्रत्येकाला त्याच्या जिभेचा चहा मिळतो, ही या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. आपल्या घरातही एकाला कडक, दुसऱ्याला फिका असतोच की.

जमला की नाही हे रंगावरून कळतं. ग्लास उजेडाकडे धरा. तुर्की लोक चांगल्या रंगाला ‘तावशान कानी’ म्हणतात, सशाचं रक्त: लाल, चमकदार, आरपार. म्हणून ग्लास काचेचाच हवा. ट्यूलिपच्या आकाराचा, कंबरेशी बारीक असा त्यांचा ग्लास मिळाला तर छानच, नाहीतर आपला कटिंगचा ग्लास चालतो. जाड मगमध्ये रंग दिसत नाही आणि चहा संपायच्या आत निवतो.

*चहा गढूळ दिसतो, वर तवंग येतो.* पाणी जड आहे. बोअरवेलच्या पाण्यात हा त्रास हमखास होतो. गाळलेलं किंवा आरओचं पाणी वापरा, आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर असेल तर व्हिनेगर-पाणी उकळून तो काढा. चहात लिंबू पिळल्यानेही रंग उजळतो, पण तो लिंबाचा परिणाम आहे, त्याने पाणी सुधारत नाही.

*कडवट झाला.* वर उकळी फुटली असेल, किंवा अर्ध्या तासाहून जास्त मुरला असेल. अशा शिळ्या चहाला ते ‘बायात’ म्हणतात. पाणी घालून, पुन्हा गरम करून तो सुधारत नाही. टाका आणि नवा करा.

*थंड केला तर ढगाळ झाला.* गार आइस्ड चहासाठी गडद अर्क फ्रिजमध्ये ठेवला की असं होतं. अर्क आधी गरम पाण्याने फिका करून, खोलीतच निववून मग फ्रिजमध्ये ठेवा. ढगाळ झालाच असेल तर थोडं गरम पाणी घातल्यावर बहुधा स्वच्छ होतो.

मसाला आणि वास

आलं, वेलची, गवती चहा, चहा मसाला हे सगळं एकदम वरच्या किटलीत घालायचा मोह होतो. वीस मिनिटांच्या दमात ते सगळं इतकं उतरतं की पानाची चव हरवते. दालचिनीचा एक छोटा तुकडा किंवा एक लवंग, बस्स. तुर्की घरांत बर्गमोट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या वासाचा चहाही प्यायला जातो, पण किटलीभर तोच नको. चार चमच्यांत एक चमचा त्याचा, बाकी साधा, म्हणजे वास ओठाशी येतो, घशात अडकत नाही.

दूध घालू नका. एवढा वेळ मुरलेल्या चहात दूध घातलं तर रंगही जातो आणि ज्या चवीसाठी एवढा खटाटोप केला तीही जाते. साखर किटलीत न घालता वेगळी द्या, बशीत दोन चौकोनी खडे. एर्झुरुमकडे साखर चहात विरघळवतच नाहीत. कडक खडा दातांत किंवा गालात धरून त्यावरून चहाचे घोट घेतात, त्याला ‘किटलामा’ म्हणतात.

आता सफरचंदाचा चहा. इस्तंबूलच्या बाजारात दुकानदार पर्यटकांना जो देतात, तो बहुधा पावडरीचा असतो आणि त्यात चहाची पत्तीच नसते. घरी करणारे पत्ती घालून उकळतात आणि तिथेच फसतात. दोन आंबटगोड सफरचंदं सालासकट चिरा, लिटरभर पाण्यात दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोन लवंगा घाला, झाकून अगदी मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. गॅस बंद केल्यावरच लिंबू आणि साखर. पिठाळ, मऊ सफरचंद घेतलं तर पाणी गढूळ होऊन चव बसते. यातही दूध नको, आंबटपणाने ते फाटेल.

पुदिना-लिंबू, ‘नाने लिमोन’, हा सर्दी आणि बिघडलेल्या पोटावर तिथला घरगुती उपाय. सावलीत सुकवलेला पुदिना उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, मग लिंबू. लिंबाची साल घालायची असेल तर आतला पांढरा भाग खरवडून काढा, कडूपणा तिथे असतो. सेज, म्हणजे ‘आदाचायी’, पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि गरोदर बायकांनी तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. जंगली गुलाबाची फळं, ‘कुशबुर्नू’, मात्र मंद आचेवर चांगली शिजवावी लागतात. त्यांच्या आत बारीक लव असते, ती घशाला खाजते, म्हणून साध्या गाळणीऐवजी पातळ फडक्यातून गाळा.

वाढताना

ग्लास आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर पहिला घोट कोमट लागतो. काठोकाठ भरू नका. वर बोटभर जागा सोडतात, तिला ‘दुदाक पायी’ म्हणतात, ओठांचा वाटा. ग्लासला कान नसतो, तो त्या वरच्या कडेलाच धरतात, त्यामुळे ही जागा सोडली नाही तर बोटं भाजतात.

अझरबैजान आणि तुर्कस्तानच्या या चहासंस्कृतीला 2022 मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं, आणि तिथल्या नोंदीतही आदरातिथ्यावर भर आहे. एक ग्लास देऊन ट्रे आत नेला तर तिथे ते अर्धवट वाटतं. खालच्या किटलीत पाणी तापत ठेवा आणि ग्लास रिकामा झाला की न विचारता पुन्हा भरा. पाहुण्याने चमचा ग्लासावर आडवा ठेवला, की त्याला पुरे झालं असं समजायचं.