पातळ लॅपटॉप घेताय? आधी हे बघा

दुकानात पातळ लॅपटॉप एका हातात उचलला की अर्धा निर्णय तिथेच होऊन जातो, माझंही तसंच झालं. घरी आणला, पहिला मोठा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला, सुरुवातीला सुसाट पळाला आणि मग पंखा किंचाळायला लागला, कीबोर्डच्या वरची पट्टी एवढी तापली की बोट टेकवेना, आणि पुढचं सगळं काम गोगलगायीसारखं. मशीन खराब नव्हतं हो, मीच चुकीचं निवडलं होतं.

प्रोसेसर जास्त तापला की तो स्वतःच स्पीड खाली आणतो, थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात ते हेच. पातळ बॉडीत हीटसिंक (उष्णता खेचून घेणारा धातूचा भाग) लहान, पंखा चपटा, त्यामुळे तोच प्रोसेसर जाड मशीनमध्ये जास्त वेळ दम धरतो. ग्राफिक्स कार्डाचं तर विचारूच नका. आरटीएक्स ४०६० चं लॅपटॉप व्हर्जन ३५ वॉटवरही (हळू) चालतं आणि ११५ वॉटवरही (जोरात), स्टिकर मात्र सेम! म्हणून रिव्ह्यू बघताना पहिल्या मिनिटाचा बेंचमार्क (वेगाच्या चाचणीचा आकडा) सोडून द्या, वीस-तीस मिनिटं सलग लोड दिल्यावर काय होतं ते शोधा. मॅकबुक एअरमध्ये २०२० च्या एम१ पासून पंखाच नाहीये, ब्राउझिंग आणि लिखाणाला एकदम शांत आणि मस्त, पण तासभर रेंडरिंग करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरं म्हणजे रॅम. स्पेसिफिकेशनमध्ये एलपीडीडीआर (रॅमचा एक प्रकार) किंवा ऑनबोर्ड असं दिसलं की बहुतेक वेळा ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणजे नंतर वाढवू म्हणायची सोयच नाही. आज ८ जीबीत भागतंय असं वाटलं तरी १६ घ्या, यात काटकसर नको. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, बऱ्याचदा बदलता येते, पण स्लॉट २२८० साइझचा (८० मिलिमीटर लांब) आहे की छोटा २२३० (३० मिलिमीटर) ते आधी बघून ठेवा.

बॅटरीचे तास जाहिरातीत वाचू नका, वॉट-अवर वाचा, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते ते. समजा ५५ वॉट-अवरची बॅटरी आहे आणि साध्या कामाला मशीन १० वॉट खातंय, तर साडेपाच तास. तेच व्हिडिओ कॉल, फुल ब्राइटनेस आणि पंचवीस टॅब मिळून २५ वॉट गेले की दोन तासांत चार्जर शोधत फिरायचं. स्क्रीन जितकी हाय रेझोल्यूशन तितकी ती जास्त खाते, हेही धरा.

वजन मोजताना चार्जर आणि हब (एका पोर्टाचे अनेक करून देणारी डबी) सोबत मोजा, कारण पोर्ट कमी म्हणजे हब आलाच. २०१५ च्या बारा इंची मॅकबुकला चार्जिंग आणि बाकी सगळ्याला मिळून एकच यूएसबी-सी पोर्ट होता, पेनड्राइव्ह लावायचा तर चार्जर काढा! दोन-तीन पोर्ट असले तरी प्रत्येकातून मॉनिटर चालतो का, चार्जिंग होतं का ते वेगवेगळं विचारा, दिसायला सगळे सारखेच असतात.

दुकानात गेलात की लाजू नका, नोटपॅड उघडून दोन-तीन परिच्छेद टाइप करा. कीज जेमतेम एक मिलिमीटर दबत असतील तर बोटं थेट टेबलावर आपटल्यासारखी वाटतात, काहींना चालतं, मला नाही चालत. मग एका कोपऱ्याला धरून उचला, बॉडी करकरली किंवा वाकली तर राहू द्या.

आणि घेतल्यावर कधी टचपॅड वर आल्यासारखा वाटला, क्लिक घट्ट झालं, तर बॅटरी फुगली असू शकते. दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका, मशीन बंद करा, चार्जिंग थांबवा, सर्व्हिस सेंटरला न्या.

कॉलेज, लिखाण, सतत प्रवास यासाठी पातळच घ्या, पाठ आशीर्वाद देईल. गेमिंग, थ्रीडी, लांबलचक एडिटिंग असेल तर अर्धा-पाऊण किलो जास्त उचला आणि गप बसा. माझ्यासारखा आधीच फसला असाल तर निदान गादीवर ठेवून वापरू नका, हवा बऱ्याच मशीनमध्ये खालूनच आत जाते, मी तर एक्सपोर्ट लावला की मागच्या कडेखाली दोन खोडरबर सरकवतो, पंखा किंचाळतो अजूनही, पण जरा उशिरा.