अंतराळ-खेळातल्या नवख्याला साथ कशी द्यावी

ईव्ह ऑनलाइन या खेळात जहाज फुटले की ते कायमचे जाते. २००३ पासून चालू असलेल्या या आइसलँडच्या खेळाची गोडी याच नियमात आहे आणि नवखा खेळाडू बहुधा याच ठिकाणी खेळ सोडतो. त्याला टिकवून धरण्याचे काम अनुभवी खेळाडूंनी वर्षानुवर्षे हौसेने केले आहे. २००४ मध्ये खेळाडूंनीच उभ्या केलेल्या ईव्ह युनिव्हर्सिटीत नवख्यांना पद्धतशीर शिकवले जाते. सोलापुरातील जाणत्या खेळाडूंनाही हे काम करता येईल, मात्र ते धीराने करावे लागते.

सुरुवातीलाच महागडे जहाज भेट देऊ नका. या खेळात स्किल प्रत्यक्ष काळानुसार वाढतात, त्यामुळे नवख्याला मोठे जहाज नीट चालवता येत नाही, आणि ते गेले की आपण उपकाराच्या ओझ्याखाली आहोत असे त्याला वाटू लागते. त्यापेक्षा त्याला दोन-चार स्वस्त फ्रिगेट, म्हणजे लहान जहाजे, घेऊन द्या आणि ती फुटण्यासाठीच आहेत, हे आधीच स्पष्ट सांगा.

मग त्याच्यासोबत स्वतः निघा. उंटावरून शेळ्या हाकू नका. ०.५ ते १.० सुरक्षेच्या भागात काँकॉर्ड ही खेळातली पोलीस यंत्रणा हल्लेखोराला शिक्षा करते, पण आपले जहाज वाचवायला ती वेळेवर पोहोचेलच असे नाही, आणि त्याखालच्या भागात ती येतच नाही, हा फरक तोंडी सांगून नव्हे, तर ०.४ च्या भागात जाऊनच कळतो. जहाज फुटल्यावर पॉड, म्हणजे खेळाडूची छोटी कुपी, उरतो. तो वाचवायचा असेल तर एखादा ग्रह आधीच निवडून ठेवून त्या क्षणी वॉर्पचे, म्हणजे अतिवेगाने दूर झेप घेण्याचे, बटण दाबत राहायचे असते. पॉड सुटला की दोघांनी मिळून किलमेल वाचावे. कोणी, कोणत्या शस्त्राने, किती नुकसान केले हे त्यात ओळीने दिलेले असते, आणि माझ्या मते या खेळात याहून चांगला धडा नाही.

जिता या बाजारपेठेत पैसे दुप्पट करून देण्याचे आमिष दाखवणारे भेटतात, याची कल्पना नवख्याला आधीच द्या. तुम्ही स्वतः त्याचा पासवर्ड कधीही मागू नका.

शहराच्या पूर्व भागातील मुलगा घरी तेलुगू बोलत असेल, तर येत असल्यास त्याच्याशी तेलुगूतच बोला, पण बटणांची नावे पडद्यावर दिसतात तशीच ठेवा. सर्व्हर रोज दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद होतो. कॉलेज सुटल्यावर लगेच बसणाऱ्यांना ही वेळ सांगून ठेवावी. उन्हाळ्यात लाईट गेली तर जहाज आपोआप दूर वॉर्प करते आणि लढाई चालू नसल्यास मिनिटाभरात दिसेनासे होते, हे माहीत असले की नवखा घाबरत नाही.

एलिट डेंजरस हा दुसरा अंतराळ-खेळ खेळणाऱ्यांची अडचण वेगळी, तिथे इंधन संपते. फ्युएल रॅट्स हे स्वयंसेवक अडकलेल्याला आधी ऑक्सिजनची उलटी मोजणी सुरू आहे का, हे विचारतात, आणि असल्यास ती थांबावी म्हणून लगेच मुख्य मेनूवर जायला सांगतात. तुम्हीही हाच क्रम पाळा. इंधन दिल्यावर लगेच निघून न जाता के, जी, बी, एफ, ओ, ए आणि एम या वर्गांतील ताऱ्यांजवळून इंधन कसे भरायचे ते त्याच्याकडून एकदा करवून घ्या.