कावी-कंबोईला निघताय? भरतीच्या हिशोबातल्या या चुका टाळा

बडोद्याहून कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवाला जाऊन दर्शनाविना परतणारे पुष्कळ. देऊळ भरतीत पाण्याखाली जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो वेळेचा.

नेहमीची चूक अशी: ‘मागच्या रविवारी मावशी दोनला पोचली तेव्हा पिंड उघडी होती, आपणही दोनलाच जाऊ.’ पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईतो चंद्र पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला आणखी सुमारे 50 मिनिटं लागतात. म्हणून भरती-ओहोटी रोज तेवढी उशिरा. आठवड्यात हा उशीर सहा तासांच्या घरात जातो आणि मावशीच्या ओहोटीच्या जागी तुम्हाला भरती भेटते. दोन आठवड्यांनी वेळ पुन्हा बरीचशी जुळते.

दुसरी चूक खास आपल्या घरांतली. कोकणातून आलेली मंडळी तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. मुंबईच्या किनाऱ्याला हा ठोकताळा बरा चालतो, इथे फसतो. खंभातच्या आखातात भरती वरपर्यंत पोचायला आणखी काही तास घेते. शिवाय आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जात असल्याने पाणी चढतंही फार; समोरच्या भावनगरला उधाणात हा चढउतार दहा मीटरच्या आसपास असतो. भावनगरचे तक्ते सर्वे ऑफ इंडिया छापतं, पण ते अंदाजापुरतेच धरा. निघण्याआधी देवळात फोन करून त्या दिवसाची वेळ विचारणं सर्वांत बरं.

‘चंद्र पाणी वर खेचतो’ हे शाळेतलं उत्तरही अर्धंच. मग पलीकडच्या बाजूला भरती का? चंद्राची ओढ त्याच्याकडच्या बाजूला जास्त, पृथ्वीच्या मध्याशी कमी, पलीकडे त्याहून कमी. भरती येते ती या फरकामुळे. पाणी दोन्ही बाजूंना फुगतं, म्हणून दिवसाला दोन भरत्या. सूर्याची ओढ चंद्राच्या जवळजवळ पावणेदोनशे पट, पण तो इतका दूर की हा फरक निम्म्याहूनही कमी पडतो. सुरसागरात भरती का दिसत नाही, हे मुलांनी विचारलं तर हेच सांगा: एवढ्याशा तळ्याच्या दोन काठांवरच्या ओढीत फरक तो किती असणार!

भरती फक्त पुनवेला-अवसेला येते हाही गैरसमजच. येते रोज, त्या सुमारास चंद्र-सूर्य एका रेषेत येऊन उधाण होतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची भरती. सर्वांत मोठं उधाण बहुधा पुनव-अवसेनंतर एक-दोन दिवसांनी. महाशिवरात्र अवसेच्या तोंडावर, त्यामुळे गर्दी आणि उधाण सोबतच.

ओहोटीला फोटोसाठी पुढच्या चिखलात मात्र उतरू नका. परतणारं पाणी आधी घळींतून शिरतं, आणि अशी एखादी घळ तुमच्या पाठीमागेही असू शकते.